फोर्ट कोचीत तीन रात्री : दोघांच्या छोट्या सहलीची आखणी

मुंबई-पुण्याहून केरळला निघालेली बहुतेक जोडपी कोचीच्या विमानतळावर उतरतात आणि तिथूनच मुन्नारचा रस्ता धरतात. पाच दिवसांत मुन्नार, ठेक्कडी, अलेप्पी, आणि परतीच्या विमानाआधी उरलेल्या दोन तासांत ‘कोची दर्शन’. चिनी जाळ्यांसमोर एक फोटो, मसाल्याच्या दुकानात अर्धा तास, की निघाले. माझं आग्रहाचं सांगणं आहे की दोघंच जाणार असाल आणि हातात तीन-चारच दिवस असतील, तर घाटातले रस्ते आणि हाउसबोट पुढच्या खेपेला ठेवा. हे सगळे दिवस फोर्ट कोचीला द्या. पोर्तुगीज, डच आणि इंग्रज एकामागून एक इथे आले. ज्यू, गुजराती आणि गोव्याहून गेलेली कोकणी माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिली. त्यांच्या खुणा फोर्ट कोची आणि शेजारच्या मट्टनचेरीत पायी फिरून पाहता येतात. रोज सकाळी सामान बांधावं लागत नाही, गाडीत सहा-सहा तास बसावं लागत नाही, आणि एकमेकांशी बोलायला वेळ उरतो. सहलीला जायचं ते त्यासाठीच ना?

आधी वार पाहा, मग तारीख

शुक्रवार ते रविवार ही आपली नेहमीची सोय. कोचीत नेमकी तीच आड येते. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो. परदेसी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं जुनं प्रार्थनास्थळ, शुक्रवारी आणि शनिवारी बंद असतं, शिवाय ज्यूंच्या सणांनाही. म्हणून शुक्रवारी पोचणार असाल तर सोमवारची सुट्टी आधीच टाकून ठेवा. शनिवार फोर्ट कोचीला आणि रविवार मट्टनचेरीला द्या. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असतात, त्यामुळे ती शनिवारीच पाहून झालेली बरी. नोकरीतून सवड काढता येत असेल तर रविवारी पोचून बुधवारी परत निघणं सर्वात चांगलं. गर्दी कमी, खोल्या मोकळ्या आणि सगळी दारं उघडी.

महिन्याचं म्हणाल तर डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. तेव्हाही दुपारी घाम येतोच, पण सकाळ-संध्याकाळ चालायला सुखाची असते. मार्चपासून उकाडा वाढत जातो. एप्रिल-मे मध्ये दमट हवेने जीव नकोसा होतो, आणि चालत पाहायच्या गावाला ते परवडत नाही. केरळात पाऊस आपल्या आधी, साधारण जूनच्या सुरुवातीला पोचतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊस दुपारनंतर गडगडाटासह कोसळतो. पावसाळ्यात खोल्या स्वस्त असतात आणि वाडे फार देखणे दिसतात, पण अर्धा दिवस व्हरांड्यात काढायची दोघांचीही तयारी हवी.

वर्षअखेरीबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवं. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री इथे ‘पप्पांजी’ नावाचा सरत्या वर्षाचा भलामोठा पुतळा जाळतात. त्यासाठी गल्लीबोळांत पाय ठेवायला जागा नसते. जल्लोष आवडणाऱ्यांनी महिने आधी खोली धरावी. निवांतपणा हवा असेल तर नाताळ ते नववर्ष हा आठवडा टाळाच. कोची-मुझिरिस बिएनाले हे मोठं कलाप्रदर्शन १२ डिसेंबर २०१२ ला सुरू झालं. ते भरतं त्या हंगामात डिसेंबरपासून मार्चपर्यंत जुनी गोदामं चित्र-शिल्पांनी भरलेली असतात. दोघांपैकी एकालाही कलेची ओढ असेल तर तो हंगाम साधा आणि एक दिवस वाढवा.

कसं पोचायचं

विमानाने मुंबईहून सुमारे दोन तास लागतात. विमानतळ मात्र नेडुंबस्सेरीला आहे, फोर्ट कोचीपासून साधारण चाळीस किलोमीटरवर. एर्नाकुलमच्या गर्दीतून टॅक्सीला दीड तास सहज जातो. सामान थोडं असेल तर दुसरा एक मार्ग आहे, आणि मला तो जास्त आवडतो. विमानतळावरून बसने आलुवा, तिथून मेट्रोने एम. जी. रोड, रिक्षाने हायकोर्ट जेट्टी आणि तिथून वॉटर मेट्रोची बोट थेट फोर्ट कोचीला. ही बोटसेवा एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली आणि फोर्ट कोचीचा मार्ग पुढच्या वर्षी जोडला गेला. बोटी वातानुकूलित आहेत, विजेवर चालतात आणि भाडं २० ते ४० रुपयांच्या दरम्यान असतं. शतकानुशतकं परदेशी माणसं या गावात पाण्यावरूनच आली. तुम्हीही पहिल्यांदा पाण्यावरूनच या.

रेल्वेने जायचं तर कोकण रेल्वेचा मार्ग आहेच. लोकमान्य टिळक टर्मिनसहून नेत्रावती एक्स्प्रेस सुटते. दिल्लीकडून येणारी मंगला लक्षद्वीप कल्याण-पनवेल-रत्नागिरीमार्गे एर्नाकुलमला जाते. प्रवास साधारण एक दिवसाचा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि या गाड्या भराभर भरतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, वेग कमी ठेवलेला असतो, तेव्हा जूननंतरच्या प्रवासाची वेळ नव्याने तपासा. वेळ असेल तर एक बाजू रेल्वेने आणि एक बाजू विमानाने करावी.

मुक्काम कुठे

आखणीतली सर्वात महत्त्वाची पायरी ही. बुकिंगच्या ॲपवर ‘कोची’ असं टाकलं की निम्म्याहून जास्त हॉटेलं एर्नाकुलमची येतात. ते मुख्य भूमीवरचं आजचं व्यापारी शहर. फोर्ट कोची आणि मट्टनचेरी खाडीच्या पश्चिमेला. पूर्वी ही वेगवेगळी गावं होती आणि १९६७ मध्ये त्यांची मिळून एक महानगरपालिका झाली. एर्नाकुलमला खोली स्वस्त मिळाली तरी रोज दोनदा पूल ओलांडण्यात तुमच्या सकाळी आणि संध्याकाळी जातील. नकाशावर प्रिन्सेस स्ट्रीट, रोज स्ट्रीट, बर्गर स्ट्रीट आणि परेड ग्राउंड एवढाच भाग समोर घ्या आणि त्यातच खोली शोधा.

इथे जुन्या वाड्यांची महागडी हॉटेलं आहेत आणि घरगुती होमस्टेही भरपूर आहेत. नव्याने जाणाऱ्या जोडप्याला मी होमस्टे सुचवेन, पण चौकशी फोनवर नीट करा. स्वच्छतागृह खोलीला जोडलेलं आहे ना? खिडकी बाहेर उघडते की मधल्या बोळात? एसीचे पैसे वेगळे का? रात्री फाटक किती वाजता लावतात? न्याहारी केरळी मिळेल ना? आणि मच्छरदाणी आहे का? हे शेवटचं विसरू नका, कोचीचे डास फार त्रास देतात. ओडोमास सोबत असू द्या.

दोघांचीही ओळखपत्रं बरोबर घ्या आणि बुकिंगवर दोघांची नावं टाका. लग्न झालेलं नसेल तर बुकिंग करतानाच मोकळेपणाने विचारा. सज्ञान जोडप्याने एका खोलीत राहायला कायद्याची आडकाठी नाही, पण घरात पाहुणे ठेवणाऱ्या काही यजमानांचे स्वतःचे नियम असतात. रात्री दारात उभं राहून तो विषय निघण्यापेक्षा आठवडाभर आधी फोनवर निघालेला बरा.

निघण्याआधी दोघांत एक बोलणं

एक पहाटे उठून भटकणारा आणि दुसरा सुट्टीत नऊपर्यंत झोपणारा, अशी जोडी असतेच. त्यावर सोपा तोडगा असा. प्रत्येकाने आपल्याला काय चुकवायचंच नाही ते एकच ठिकाण सांगायचं. एक सकाळ एकाच्या मनासारखी, दुसरी दुसऱ्याच्या. दिवसाला दोनच मोठ्या गोष्टी पाहायच्या आणि दुपारी बारा ते चार खोलीवर परतायचं. ती वेळ उन्हाची असते आणि राजवाडा-सिनेगॉगसारख्या जागी दुपारची मधली सुट्टीही असते. सर्वांत चांगल्या गप्पा याच वेळात होतात, तेव्हा ‘दुपार वाया जाते’ असं मानून तिच्यात काही कोंबू नका.

पहिली संध्याकाळ

सामान टाकून वास्को द गामा चौकाकडे चालत जा. प्रचंड विस्ताराची जुनी झाडं, त्यांच्या सावलीत मासळीचे ठेले आणि पाण्याच्या कडेला चिनी जाळी, म्हणजे इथल्या भाषेत ‘चीनवला’. सागवानी आणि बांबूच्या वाशांवर ताणलेलं हे अवजड जाळं दोरांना बांधलेल्या दगडांच्या भाराने तोलतात आणि चार-सहा जण मिळून पाण्यात उतरवतात. कोळी तुम्हाला दोर ओढायला बोलावतील. जरूर जा, हाताला वजन कळतं. नंतर पैसे मागितले जातात, ते आधीच बोलून घ्या. आता जाळ्यात मासळी फार येत नाही, तेव्हा पन्नास-शंभर रुपये द्यायला जड वाटू नये.

तिथून समुद्राच्या कडेने दक्षिणेकडे पायवाट जाते. सूर्यास्त थेट पाण्यावर दिसतो. पोहण्याचा विचार मात्र करू नका. खाडीच्या तोंडाचं पाणी, त्यात जलपर्णी आणि कचरा वाहून येतो. पोहायचंच असेल तर उत्तरेला वायपीन बेटावर चेराईचा किनारा आहे. फोर्ट कोचीहून वाहनं नेणारी फेरी पलीकडे सोडते, पण त्यासाठी वेगळा अर्धा दिवस हवा.

दुसरा दिवस : किल्ल्यातलं गाव

सकाळी सातच्या आत बाहेर पडा. रस्ते रिकामे, भिंतींवर कोवळं ऊन आणि जाळ्यांपाशी ताज्या मासळीचा लिलाव. मग बर्गर स्ट्रीटच्या काशी आर्ट कॅफेत कॉफी घ्या, नाहीतर कोपऱ्यावरच्या साध्या हॉटेलात पुट्टू, म्हणजे तांदळाच्या पिठाचा वाफवलेला पदार्थ, आणि कडला करी, म्हणजे काळ्या हरभऱ्यांची उसळ.

सेंट फ्रान्सिस चर्च पोर्तुगीजांनी १५०३ मध्ये आधी लाकडाचं बांधलं, १५१६ पर्यंत ते पक्कं झालं. वास्को द गामा २४ डिसेंबर १५२४ ला कोचीत वारला आणि इथेच पुरला गेला. १५३९ मध्ये त्याचे अवशेष लिस्बनला नेले, तरी कबरीची जागा कठड्याने राखलेली दिसते. वर पाहा. कापडी पंख्यांच्या रांगा टांगलेल्या आहेत. त्यांचे दोर भिंतीबाहेर जात आणि बाहेर बसलेली माणसं ते ओढत. भिंतींत बसवलेले जुने थडग्यांचे दगड सावकाश वाचा. १६६३ मध्ये डचांनी कोची घेतलं, १७९५ मध्ये ते इंग्रजांकडे गेलं, आणि हे एकच चर्च त्या तिन्ही राजवटींत वापरात राहिलं. सान्ताक्रूझ बॅसिलिकाची आजची इमारत १९०५ ची. दहा मिनिटं आत बसा, एवढं पुरे. किनाऱ्याजवळची डच दफनभूमी बहुधा कुलूपबंद असते, फाटकातूनच पाहावी लागते.

संध्याकाळी कथकली. सहाच्या प्रयोगाची तिकिटं दुपारीच घ्या, पण पोचा पाचला. बॅसिलिकेजवळच्या केरळ कथकली सेंटरमध्ये नट प्रेक्षकांसमोर बसून रंग चढवतात. हिरवा चेहरा धीरोदात्त नायकाचा. वांगीवर्गातल्या एका झाडाचं बीज पापणीखाली ठेवतात आणि डोळे लाल होतात. प्रयोगाआधी मुद्रा आणि डोळ्यांच्या हालचाली समजावून सांगतात, त्यामुळे काही ठाऊक नसलेल्यालाही कथा कळते. ज्याला ‘नाच बघायला कंटाळा येतो’ असं वाटतं, त्याने रंगभूषेचा तो तास तरी चुकवू नये.

तिसरा दिवस : मट्टनचेरी

हा या सहलीतला सर्वात भरगच्च दिवस. सकाळी बाजार रोडने चालत निघा. दोन्ही बाजूंना मसाल्याची गोदामं आहेत. काही अजून चालू, बरीचशी बंद. आल्याचा आणि मिऱ्याचा वास रस्ताभर येतो. याच मिऱ्यासाठी युरोपातली गलबतं इथवर आली. मुझिरिस हे आणखी जुनं बंदर १३४१ च्या महापुरानंतर गाळाने निकामी झालं आणि कोचीचं नशीब उघडलं, असं मानतात.

राजवाडा पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या मध्यात बांधून कोचीच्या राजाला दिला. पुढे डचांनी दुरुस्त केला, म्हणून ‘डच पॅलेस’ हे नाव पडलं. बाहेरून तो साधा दिसतो आणि पुष्कळ जण तिथेच हिरमुसतात. आत शयनगृहाच्या भिंतींवर रामायण रंगवलेलं आहे. हिरवा, गेरू आणि पिवळा अशा रंगांत, एका आकृतीतून दुसरी निघावी इतकं दाट. घाई केलीत तर फक्त गर्दी दिसेल. दोघांनी मिळून एकेक प्रसंग ओळखत जा, लहानपणी ऐकलेलं रामायण आपोआप आठवू लागतं. आत फोटो काढू देत नाहीत, आणि एका अर्थी बरंच आहे.

तिथून थोड्याच पावलांवर ज्यू टाउन. सिनेगॉग १५६८ चं. आत जमिनीवर चीनमधून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या, हाताने रंगवलेल्या फरशा आहेत. चपला बाहेर काढायच्या, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. १९४८ नंतर इथली बहुतेक ज्यू कुटुंबं इस्रायलला गेली. गल्लीत आता काश्मिरी शाली आणि जुन्या वस्तूंची दुकानं आहेत. ‘पुरातन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ वस्तू नव्याच असतात, तेव्हा मनापासून आवडलं तरच घ्या. रिक्षावाला ‘अगदी जवळच आहे, नुसतं बघा’ म्हणून दुकानात नेऊ लागला तर हसून नाही म्हणा. तिथे त्याचं कमिशन असतं.

बहुतेक प्रवासी इथूनच परततात. तुम्ही परतू नका. दहा-पंधरा मिनिटं आत चालून चेरलाई भागात जा. सोळाव्या शतकात गोव्यातून निघालेली गौड सारस्वत कुटुंबं इथे वसली. तिरुमला देवस्वम मंदिर त्यांचं. या परिसरात कोकणी ऐकू येते. मल्याळीच्या संगतीने तिचा हेल वेगळा झाला आहे, पण मालवणी किंवा गोव्याची बोली कानावर असेल तर बरेचसे शब्द ओळखू येतात. मंदिरात जायचं तर पुरुषांनी मुंडू, म्हणजे लुंगीसारखं पांढरं वस्त्र, नेसून, सदरा काढून जायची पद्धत आहे. आणखी एक गोष्ट जाणून घेऊन इथे फिरा. डच गव्हर्नर व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. त्या कामात मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन यांच्यासोबत रंगा भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोकणी वैद्य होते. त्यांचं नागरी लिपीतलं कोकणी प्रशस्तिपत्र १६७८ च्या पहिल्या खंडात, ॲम्स्टरडॅमला छापलं गेलं. तुम्ही-आम्ही रोज वाचतो ती लिपी इतक्या लवकर छापली गेली, ती या गावातल्या माणसांमुळे. मला कोचीचं प्रेम वाटतं ते सर्वात जास्त या कारणाने.

काय खायचं

शाकाहारी असाल तर काळजी नको. अप्पम आणि भाज्यांचं स्ट्यू, पुट्टू-कडला, दुपारी केळीच्या पानावरचं जेवण, चहासोबत पिकल्या केळ्याची पळमपोरी. मट्टनचेरीच्या गुजराती रस्त्यावर आपल्या ओळखीचं शाकाहारी जेवणही मिळतं. खोबरेल तेलाच्या वासाची सवय व्हायला एक दिवस लागतो. जेवताना गुलाबीसर कोमट पाणी समोर येतं ते मळकट नसतं. पतिमुखम नावाच्या लाकडाचे तुकडे घालून ते उकळलेलं असतं, निर्धास्त प्या.

मासे खाणाऱ्यांनी एवढी नावं लिहूनच घ्या : मत्ती म्हणजे तारली, अयला म्हणजे बांगडा, नेयमीन म्हणजे सुरमई, आवोली म्हणजे पापलेट, चेम्मीन म्हणजे कोळंबी, ञंडू म्हणजे खेकडा आणि कूंदल म्हणजे माकूल. करिमीन हा खाडीतला मासा केळीच्या पानात मसाला लावून भाजतात, त्याला पोळ्ळिच्चदु म्हणतात. काटे बारीक आणि पुष्कळ, पण चव अशी की काटे काढण्याचे कष्ट सोसावेत. नारळाच्या दुधातली मीन मोइली आपल्या तिखट कालवणाच्या मानाने फार सौम्य. पहिल्या रात्री ती घ्या, लाल, कुडम्पुळी हे कोकमासारखं आंबट फळ घातलेली झणझणीत करी दुसऱ्या दिवशी. जाळ्यांजवळच्या ठेल्यावर मासळी घेऊन शेजारच्या हॉटेलात शिजवून घेता येते. वजनाचा दर आणि शिजवण्याचे पैसे दोन्ही आधी ठरवा.

निघताना

मिरी, वेलदोडे आणि दालचिनी शेवटच्या सकाळी घ्या, तीही पर्यटकांच्या दुकानाऐवजी बाजार रोडवरच्या घाऊक व्यापाऱ्याकडे किंवा साध्या किराणा दुकानात. मिरी वजनाला जड, दाणा भरलेला आणि एकसारखा काळा हवा. वेलदोडे हिरवे आणि घट्ट मिटलेले.

विमान असेल तर सुटण्याच्या किमान साडेतीन-चार तास आधी फोर्ट कोची सोडा आणि टॅक्सी आदल्या रात्रीच यजमानांकडून ठरवून घ्या. रेल्वे असेल तर तिकिटावर एर्नाकुलम जंक्शन लिहिलं आहे की एर्नाकुलम टाउन, ते नीट पाहा. ही दोन वेगळी स्थानकं आहेत. रिक्षावाल्यांना ती साउथ आणि नॉर्थ या नावांनी कळतात : जंक्शन म्हणजे साउथ, टाउन म्हणजे नॉर्थ.